नदीचे संगीत कसे रचतात?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसाळ्यात गेलात, तर दहिसर नदीची खळखळ दुरूनच कानी येते. तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी ही नदी सुमारे १२ किलोमीटर वाहत जाऊन मनोरीच्या खाडीला मिळते. समजा, या नदीवर एक नृत्यनाट्य बसवायचे आहे आणि त्याचे संगीत तुम्हाला रचायचे आहे. तुम्ही सुरुवात कोठून कराल?

प्रथम, पाणी आवाज का करते ते पाहू. संथ, अखंड वाहणारे पाणी जवळजवळ मुके असते. ते दगडावर आपटले की हवा आत ओढली जाते आणि बुडबुडे तयार होतात. बुडबुड्यातील हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते व पुन्हा फुगते. या कंपनांचाच आवाज आपण ऐकतो. मिनार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्याचे गणित मांडले. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२६० कंपने करतो, तर ५ मिलिमीटर त्रिज्येचा सुमारे ६५०. म्हणजे बुडबुडा जितका मोठा, तितका स्वर खालचा. म्हणूनच बारीक ओहोळ झुळझुळतो आणि मोठा प्रवाह घुमतो.

नदीकाठी पाण्याखेरीज इतर गायकही असतात. आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर हा पक्षी शीळ घालतो. ती शीळ एखाद्या शाळकरी मुलाने सहज घातल्यासारखी वाटते. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या जंगलात उइरापुरू नावाचा असाच एक गायक पक्षी आहे. ब्राझीलचे संगीतकार व्हिला-लोबोस यांनी त्याच्या दंतकथेवर रचलेले नृत्यनाट्य १९३५ मध्ये ब्वेनोस आयर्स येथे रंगमंचावर आले. या पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लागोपाठच्या स्वरांत सप्तकाचे, षड्ज-पंचमाचे आणि षड्ज-मध्यमाचे अंतर वारंवार आढळते, असे त्यात दिसून आले. हे गाणे माणसाच्या कानाला संगीतासारखे का वाटते, ते यावरून कळते.

पण नदीची हुबेहूब नक्कल करणे हा एकच मार्ग नव्हे. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांनी १९९३ मध्ये ब्राझीलच्या ‘ग्रूपो कोर्पो’ या नृत्यसंस्थेसाठी संगीत रचले. ते ब्राझीलच्याच ‘वाकची’ या वाद्यवृंदाने वाजवले. ‘अ‍ॅमेझॉनचे पाणी’ अशा अर्थाच्या नावाने १९९९ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील बहुतेक तुकड्यांना निग्रो, मादेरा, शिंगू अशी नद्यांची नावे आहेत. या वाद्यवृंदातील कलावंत आपली वाद्ये स्वतः बनवीत. त्यांत काचेच्या पट्ट्यांचे वाद्य होते, तसेच नळजोडणीच्या प्लॅस्टिक पाइपांची वाद्येही होती!

पाइपातून सूर कसा निघतो, ते तुम्हीही करून पाहा. ५० सेंटिमीटर लांबीचा, दोन्ही टोके उघडी असलेला पाइप घ्या. एका टोकावर तळहात हलकेच मारून लगेच उचला. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. त्याला पाइपाच्या लांबीच्या दुपटीने, म्हणजे १ मीटरने भागले, तर कंपने येतात सेकंदाला ३४०. पाइप निम्मा कापला की ती ६८० होतात, म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. आता हात न उचलता टोक बंदच ठेवून पाहा. मूळ स्वर एक सप्तक खाली का उतरतो, याचा विचार करा.

ग्लास यांच्या संगीतात लहान लहान स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी किंचित बदलतात. लयीचा हा विचार त्यांना पंडित रविशंकर यांच्याकडून मिळाला. १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये ते रविशंकरांचे मदतनीस होते. आपले ताल लहान गटांची बेरीज करून बनतात. रूपक म्हणजे ३+२+२ आणि झपताल म्हणजे २+३+२+३. आणि गंमत अशी, की हेच रविशंकर १९४५ च्या सुमारास अंधेरीत ‘इप्टा’च्या कलापथकात होते. तेथे नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांच्या नृत्यनाट्यांना ते संगीत देत असत.

तेव्हा नदीचे संगीत रचताना खळखळीची नक्कल करण्यापेक्षा तिच्यातील रचना ओळखणे महत्त्वाचे ठरते. लाट तीच वाटते, पण प्रत्येक वेळी ती नवी असते.

पावसाळ्यातील एखाद्या रविवारी शिक्षकांबरोबर दहिसर नदी दोन ठिकाणी ऐका, एकदा उद्यानात आणि एकदा दहिसरच्या पुलावरून. पाण्यात मात्र उतरू नका. दोन्हीकडे पाच-पाच मिनिटे कान देऊन ऐकू आलेल्या आवाजांची यादी करा. उद्यानाबाहेर नदीत सांडपाणी आणि कचरा मिसळतो, शिवाय वाहनांचा गोंगाटही असतो. दुसऱ्या यादीत पाणी आणि पक्षी उरले आहेत का? नसतील, तर ही नदी पुन्हा ऐकू यावी म्हणून काय करता येईल, याची चर्चा वर्गात जरूर करा.