फिरून आलात ना, मग दमलात कशाला?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मारुंजीतल्या सोसायट्यांचं पार्किंग बरंच रिकामं दिसतं. अमेरिकेतले क्लायंट सुट्टीवर, मुलांना नाताळची सुट्टी, त्यामुळे हिंजवडीत नोकरी करणारी घरंच्या घरं महाबळेश्वर, दापोली नाहीतर गाव गाठतात. जानेवारीत तीच माणसं पुन्हा लक्ष्मी चौकातल्या वाहनांच्या रांगेत. सुट्टी होऊनही अंगात त्राण नाही, असं कुणी म्हणालं तर वरचा प्रश्न हमखास येतो. दमलेल्या माणसाला त्याने उगाच अपराधी वाटतं. म्हणून विश्रांतीबद्दलचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

सहलीत आनंद मिळतो, आराम मिळेलच असं नाही. घाटातली गर्दी, परकी गादी, अवेळी जेवण हे शरीराला कष्टच असतात. शिवाय सुट्टीचा ताजेपणा फार टिकत नाही. जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या कर्मचाऱ्यांच्या लांब सुट्ट्यांचा अभ्यास केला. तो २०१३ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. लोकांना सर्वांत बरं वाटलं ते साधारण आठव्या दिवशी. कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळं पूर्ववत झालं, सुट्टी कितीही लांब असली तरी. विश्रांती कणगीत भरून ठेवता येत नाही. ती रोजच्या रोज, घरीच मिळवावी लागते.

दुसरा समज झोपेचा. आठवडाभर जागायचं आणि रविवारी दुपारपर्यंत झोपून भरपाई करायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये नेमकं हेच तपासलं. कामाच्या दिवशी जेमतेम पाच तास झोपायला मिळालेल्यांना शनिवार-रविवार हवं तेवढं झोपू दिलं आणि मग पुन्हा तीच कमी झोप. रात्रीच्या जेवणानंतरचं त्यांचं खाणं वाढलं, वजन वाढलं, आणि इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसादही मंदावला. रविवारी उशिरा उठल्याने रात्री झोप लांबते आणि सोमवार जड जातो, हे वेगळंच. प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी. ती भरायची तर उठण्याची वेळ फारशी न हलवता रात्री तासभर लवकर अंथरुणावर जावं. दुपारी डोळा लागलाच तर वीस-तीस मिनिटं पुरेत.

संक्रांतीपासून दिवस मोठा होतो, तरी सकाळी उठवत नाही म्हणजे निव्वळ आळस, असंही ऐकवलं जातं. खरं तर दिवस २१-२२ डिसेंबरनंतरच वाढू लागतो, पण ती वाढ आधी संध्याकाळच्या वाट्याला येते. पुण्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उलट थोडा उशिराच होत जातो, सुमारे सात वाजून दहा मिनिटांपर्यंत. साडेसहाचा गजर होतो तेव्हा बाहेर अजून नीट उजाडलेलंही नसतं. शरीराचं घड्याळ मुख्यतः प्रकाशावर चालतं, म्हणून ऊन आलं की चहाचा कप घेऊन गच्चीत किंवा बाल्कनीत बसावं. याचा खरोखर उपयोग होतो.

इथल्या घरांची आणखी एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासाने मागे जातात. न्यूयॉर्कमधली सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला असते, ती मार्चपर्यंत साडेसातला येते. म्हणजे विसाव्याची संध्याकाळ नेमकी हिवाळ्यात तासाने आखूड होते. कॉल संपवून सोफ्यावर मोबाईल घेऊन पडलं की आराम झाला, असं वाटतं. पण त्याच मोबाईलवर ऑफिसचा मेलही येत असतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांचं कामाचा शीण आणि विसावा या विषयावरचं संशोधन सांगतं, की शरीर घरी येऊन भागत नाही, मनही कामातून सुटावं लागतं. भाजी निवडणं, कुंड्यांना पाणी घालणं, मुलांबरोबर पत्ते खेळणं यात मन सुटतं. हात चालू असले तरी हा विसावाच.

सुट्टी म्हणजे कुणाची तरी मेहेरबानी, हा समज मला सर्वांत जास्त खुपतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची, रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लावून धरलेल्या मागणीमुळे. मालकांनी ती १० जून १८९० रोजी मान्य केली. भोसरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांत आज ती गुरुवारी असते, एवढाच फरक. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. शिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. त्यामुळे पुढच्या डिसेंबरात सहलीचा अर्ज टाकताना, परतल्यावर घरी घालवायच्या एका दिवसाची रजाही त्यातच मागावी आणि त्या दिवशी पाहुणे बोलावू नयेत.