पार्सलच्या गरम रश्श्यात प्लास्टिकमधली रसायनं उतरतात का?

मिसळीचा उकळता रस्सा पातळ पिशवीत बांधून मिळतो. पिशवी वितळत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण रसायनं अन्नात उतरायला प्लास्टिक वितळावं लागत नाही.

प्लास्टिक मऊ, टिकाऊ किंवा रंगीत व्हावं म्हणून त्यात वेगवेगळी रसायनं मिसळतात. त्यातली बरीचशी प्लास्टिकच्या रेणूंना घट्ट जोडलेली नसतात, नुसती मधे अडकलेली असतात. ती हळूहळू सरकत अन्नात येतात. यालाच 'मायग्रेशन' म्हणतात. पीव्हीसी मऊ करणारी काही थॅलेट्स तर शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात अडथळा आणतात.

उष्णता, तेल आणि वेळ या तीन गोष्टींमुळे मायग्रेशन वाढतं. यातली अनेक रसायनं पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. म्हणून गार पाण्यापेक्षा गरम तर्रीचा धोका जास्त.

एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनुसार प्लास्टिकमधून १ किलो अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पदार्थ उतरता कामा नयेत. पण चाचणी ठरावीक वापर गृहीत धरून होते. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात उकळती आमटी ओतली, तर त्या चाचणीचा उपयोग उरत नाही.

त्यामुळे रस्सा आणायला जाताना घरचा स्टीलचा डबा सोबत न्या.