वारसाची नोंद

पितृछत्र हरपले की, दिवसकार्य उरकते न उरकते तोच, बेळगाव-निपाणीकडच्या कुटुंबातील कर्त्या मुलास मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि जमिनीचा उतारा घेऊन कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. आणि त्या कागदपत्रांसाठी वडिलांची ट्रंक उघडली म्हणजे, तंबाखूच्या वखारीतील जुन्या हिशेबाच्या चिठ्ठ्या आणि सुतळीने करकचून बांधलेली खरेदीखते यांच्याखाली, काडी दोऱ्याने जखडलेला त्यांचा चष्मा हाती येतो. खरेदीखत वारसनोंदीच्या कामी येते; चष्म्याची वाटणी कशी करावी, हे मात्र कोणताही कायदा सांगत नाही. मातापित्यांचा वियोग माणसास अधिक समरसतेने जगावयास शिकवू शकतो असे म्हणतात, ते खरे ठरते या दुसऱ्या, दप्तरात न चढणाऱ्या वारशामुळे.

या वारशाचे एक उज्ज्वल उदाहरण बेळगावातच घडले. निपाणीजवळच्या तवंदी गावी ज्यांचे बालपण गेले त्या कवयित्री इंदिरा संत यांचे पती, प्राध्यापक आणि लेखक ना. मा. संत, १९४६ साली अकाली निवर्तले. पदरी तीन मुले, आणि ज्याच्यासह १९४० मध्ये ‘सहवास’ हा संयुक्त काव्यसंग्रह प्रसिद्ध केला तो सहचर नाहीसा झालेला. अशा स्थितीत इंदिराबाईंनी बेळगावात अध्यापनाचे काम निष्ठेने केले, पुढे प्राचार्यपद भूषविले, आणि ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ हे संग्रह १९५०च्या दशकात मराठीस दिले. १९८४ साली ‘गर्भरेशीम’ या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. दुःख झाकून ठेवावे किंवा लवकर विसरावे, असा प्रयत्न त्यांच्या कवितेने कधी केला नाही. तिने त्या दुःखाकडे धैर्याने पाहिले, आणि म्हणूनच तिची दृष्टी पानाफुलांविषयी आणि माणसांविषयी अधिक सूक्ष्म झाली.

वडील गेले तेव्हा इंदिराबाईंचा मुलगा प्रकाश, ज्याचा जन्म बेळगावात १९३७ साली झाला, जेमतेम आठ-नऊ वर्षांचा होता. आजोळच्या घराण्यात दत्तक गेल्यामुळे सरकारदरबारी तो भालचंद्र गोपाळ दीक्षित. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक म्हणून कऱ्हाडात त्याने हयात घालविली. आरंभी काही लेखन प्रसिद्ध झाल्यानंतर दीर्घकाळ मौन पाळून १९९४ मध्ये ‘वनवास’ हा कथासंग्रह आला, मागोमाग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ आले, आणि आजी-आजोबांच्या घरी राहणारा, कानडी वळणाच्या मराठीत वावरणारा, सुमीच्या मैत्रीने आणि सुरांच्या ओढीने भारावणारा या कथांचा नायक लंपन मराठी वाचकांच्या घरचाच झाला. या कथामालेच्या ओघात लंपनचे वडीलही जातात. ज्या नावाने हे सर्व लेखन प्रसिद्ध झाले, ते प्रकाश नारायण संत. दप्तरातील नाव एक आणि पुस्तकावरील नाव दुसरे, आणि त्या दुसऱ्या नावाच्या मध्यभागी वडील उभे आहेत. पितृवियोग आणि ‘वनवास’ यांच्यात ४८ वर्षांचे अंतर आहे. शोकाला मुदत घालून देणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

जे आपणांस साहित्यात दिसते, त्यास अभ्यासकांनीही दुजोरा दिला आहे. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विल्यम वॉर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई वा वडील गमावलेल्या ७० कुटुंबांतील, ६ ते १७ वर्षांच्या १२५ मुलांचा अभ्यास केला. बहुसंख्य मुलांनी मृत पालकाशी नाते तोडले नव्हते. त्यांची एखादी वस्तू जपून ठेवून, त्यांच्याशी मनोमन बोलून, ते नाते त्यांनी नव्या रूपात चालविले होते. आणि मूल सावरते की नाही, हे पुष्कळ अंशी मागे राहिलेला पालक कसा उभा राहतो यावर अवलंबून असल्याचे आढळले. मृताला विसरल्याखेरीज जीवन पुढे सरकत नाही, ही पूर्वापार समजूत या निष्कर्षांनी डळमळीत केली.

मोठेपणी आईवडील गेले तरी हाच न्याय लागू पडतो, किंबहुना त्यात आणखी एका जाणिवेची भर पडते. आपल्या आणि मृत्यूच्या मधे उभी असलेली पिढी सरली, आता पुढचा क्रम आपला, हे कळले म्हणजे क्षुल्लक तंटे, भाऊबंदकीचे दावे आणि ‘पुढे बघू’ म्हणून टाकलेली कामे यांची खरी किंमत उमगते. परंतु मृत्यू हा काही सद्गुरू नव्हे. तो केवळ हिरावून घेतो. शिकावे लागते ते आपले आपणच, सवडीने, आणि ज्यांना ते साधत नाही त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. कित्येकांना आधाराची, प्रसंगी वैद्यकीय मदतीचीही गरज लागते, आणि ती घेण्यात लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही.

म्हणून वाचकांस एकच आग्रहाची विनंती आहे. आपल्या गल्लीत, नात्यात वा शाळेत आई किंवा वडील गमावलेले एखादे मूल असेल, तर त्याच्यासमोर त्या व्यक्तीचा विषय टाळू नका. तुझे बाबा असे हसत, तुझी आई हे गाणे गुणगुणत असे, हे त्याला आवर्जून सांगा. त्याचा तो हक्काचा वारसा आहे, आणि तो त्याच्या स्वाधीन करणे आपल्याच हाती आहे.