नगरांचें स्वराज्य आणि तिजोरीची किल्ली

‘होमरूल’ हा शब्द कानीं पडतांच मराठी वाचकास १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं स्थापिलेल्या होमरूल लीगचें स्मरण होतें. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हाच शब्द निराळ्या अर्थानेंहि रूढ आहे. तेथें त्याचा संबंध राष्ट्राच्या स्वातंत्र्याशीं नसून नगराच्या तिजोरीशीं आहे.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हा विषय सहज उमगेल. एका मुलास प्रत्येक खर्चासाठीं कर्त्या पुरुषाची अनुज्ञा मागावी लागते. दुसऱ्याच्या हातीं किल्लीच दिलेली असते, त्यानें निषिद्ध तेवढें टाळावें म्हणजे झालें. १८६८ सालीं आयोवा संस्थानाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनीं नगरांस पहिल्या मुलाच्या पंक्तीस बसविलें. कायदेमंडळ देईल तेवढाच नगराचा अधिकार, असें त्यांचें मत होतें. उलटपक्षीं, १८७५ सालीं मिसूरी संस्थानानें मोठ्या नगरांस आपली सनद आपण करण्याची मुभा प्रथम दिली.

इलिनॉय संस्थानाचें उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तेथील १९७० च्या घटनेप्रमाणें २५,००० हून अधिक वस्तीच्या नगरास हा दर्जा आपोआप मिळतो. लहान नगरांस तो मतदानानें मिळवितां येतो, आणि मतदानानेंच सोडतांहि येतो. दर्जा असलेल्या नगराची सभा स्वतःच्या ठरावानें विक्रीकर बसवूं शकते. मात्र उत्पन्नावरील करास संस्थानाची संमति लागते. दर्जा नसलेल्या नगराच्या घरपट्टीस मर्यादा असते, कर्जास मालमत्तेच्या करयोग्य किंमतीच्या ८.६२५ टक्क्यांचें बंधन असतें, व स्थानिक विक्रीकरास २०२४ सालापर्यंत मतदारांचा कौल घ्यावा लागत असे. विक्रीकराचा कांहीं भार बाहेरून येणारा गिऱ्हाईकहि उचलतो. घरपट्टी मात्र गांवच्या मालमत्तेवरच पडते, हें येथें ध्यानांत घ्यावें.

रॉकफर्ड नगराच्या मतदारांनीं करवाढीच्या भीतीनें १९८३ सालीं हा दर्जा टाकून दिला. पुढें रस्त्यांसाठीं एक टक्का विक्रीकर घ्यावयाचा तरी मतदान घ्यावें लागलें. २०१८ सालीं तो दर्जा परत मिळविण्याचा प्रश्न मतास आला, आणि थोडक्या मतांनीं फसला. ज्यांनीं नकार दिला त्यांस अविचारी म्हणतां येणार नाहीं. कारण शेजारचें शिकागो पहा. किल्ली हातीं असूनहि निवृत्तिवेतनाचें ऋण वर्षानुवर्षें सांचत गेलें. २०१५ सालीं मूडीज संस्थेनें त्या नगराची पत धोक्याच्या श्रेणींत उतरविली, आणि त्याच वर्षीं घरपट्टींत मोठी वाढ करावी लागली.

तात्पर्य, किल्ली मिळाल्यानें तिजोरी भरत नाहीं; भार कोणावर व किती टाकावा हें ठरविण्याचा हक्क तेवढा मिळतो. भ्रमर पुष्पास न दुखवितां मध घेतो तसा राजानें कर घ्यावा, असें महाभारतांत सांगितलें आहे. जेथें प्रजाच राजा आहे तेथें हा विवेक प्रजेनेंच राखावयाचा. कर देणाऱ्यानें केवळ पावती जपून ठेवून भागत नाहीं. नगराचें अंदाजपत्रकहि घरच्या जमाखर्चाइतक्याच दक्षतेनें वाचलें पाहिजे.