राग हा स्वभाव की विभाव?

चिडण्याला आणि कुरकुरण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. लहान मूल रुसले की ते फुरंगटते, मोठे माणूस रुसले की धुसफुसते. राग गिळावा लागला तर माणूस चडफडतो, बाहेर पडला तर आदळआपट होते. सतत लहानसहान तक्रार करणाऱ्याची कुरकुर, डासासारखी कानाशी चाललेली भुणभुण, थांबता न थांबणारी पिरपिर, हे सारे शब्द आवाजावरूनच घडले आहेत. अर्थ ठाऊक नसलेल्यालाही ते ऐकताच कंटाळा यावा, असे त्यांचे नाद आहेत.

काही शब्दांमागे इतिहास आहे. ‘राऊत’ म्हणजे घोडेस्वार. मोहिमेवर निघतानाच रडणारा स्वार तो रडतराऊत. ‘त्रागा’ हा शब्द तर व्यापारी घराण्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. पूर्वी गुजरातेत भाट व चारण कर्जाला आणि करारमदाराला जामीन राहत. दिलेला शब्द मोडला गेला, तर ते दोषी माणसासमोर स्वतःलाच जखमा करून घेत आणि त्या पापाचा भार त्याच्यावर टाकत. तोच त्रागा. आज कोणी रक्त सांडत नाही. पण ताट बाजूला सारून ‘मी जेवणारच नाही’ म्हणणारा गृहस्थ त्याच शस्त्राचा प्रयोग करीत असतो. स्वतःला दुखवून दुसऱ्याला दोषी ठरवणे ही हिंसाच आहे, आणि तीही दोघांची.

आतापर्यंतचे बहुतेक शब्द कृतीचे झाले. कुरकुर सुरू होते तशी थांबते; त्रागा करणारा तासाभराने जेवायला बसतो. शब्दांचा दुसरा वर्ग मात्र माणसालाच चिकटतो. तापट, तिरसट, तुसडा, खाष्ट, आक्रस्ताळा, किरकिऱ्या, भांडकुदळ. मुले एकमेकांना चिडवताना ‘चिडका बिब्बा’ म्हणतात. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले तर कातडी उतते, आणि धोबी कपड्यावर त्याची खूण करतात तेव्हा ती कितीही धुतली तरी जात नाही. माणसाला चिकटलेल्या नावाचेही असेच होते.

ही नावे वाटताना आपण न्यायही करीत नाही. पेढीवरचे शेठजी नोकरांवर ओरडले तर ते ‘शिस्तीचे कडक’ ठरतात. त्याच आवाजात घरातील स्त्री बोलली तर ती ‘कजाग’ किंवा ‘खाष्ट’ ठरते. ऐकू कमी येऊ लागलेले, पेढीच्या व्यवहारात कोणी विचारीनासे झालेले आजोबा दोनदा तेच विचारतात, आणि घर म्हणते, ‘आजोबा फार किरकिरे झाले.’ एकदा हे नाव पडले की त्यांची खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

याचा धडा आमच्या कापडाच्या दुकानाने घेतला आहे. आमच्याकडे एक वृद्ध गृहस्थ कापड घेत आणि प्रत्येक वेळी ‘माप कमी भरले’ असे सांगत. आम्ही त्यांना आपसांत ‘किरकिऱ्या गिऱ्हाईक’ म्हणत असू. ते येताना दिसले की नोकर एकमेकांकडे पाहून हसत. पुढे एकदा मापे तपासताना उमगले, की एका जुन्या मीटरपट्टीचे टोक झिजले होते. फरक अगदी थोडा, पण किती दिवस आणि किती गिऱ्हाइकांच्या पदरी तो पडला असेल, याचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे माप कमीजास्त ठेवणे, याची गणना आहे. आमच्या हातून तो दोष अजाणता घडत होता, आणि तो दाखवून देणाऱ्याला आम्ही हसत होतो.

आपल्या शास्त्राने रागाची वर्गवारी केली, ती मात्र निराळ्या तत्त्वावर. क्रोध हा चार कषायांपैकी पहिला. त्याच्या तीव्रतेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अनंतानुबंधी क्रोध दगडातील भेगेसारखा, अप्रत्याख्यान जमिनीच्या भेगेसारखा, प्रत्याख्यान वाळूतील रेषेसारखा आणि संज्वलन पाण्यावरील रेषेसारखा. श्वेतांबर कर्मग्रंथांच्या परंपरेत यांची कालमर्यादा अनुक्रमे जन्मभर, एक वर्ष, चार महिने आणि पंधरा दिवस मानली आहे. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाच्या मुदतींशी ताडून पाहिले, तर यातील अर्थ सहज ध्यानात येतो. येथे मोजमाप माणसाचे नाही, राग किती काळ धरून ठेवला याचे आहे.

आपण सहज म्हणतो, ‘त्याचा स्वभावच तापट आहे.’ परंतु जैन तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हे वाक्यच चुकीचे आहे. आत्म्याचा स्वभाव ज्ञान आणि दर्शन. क्रोध हा कर्मोदयाने येणारा विभाव. पाणी विस्तवावर तापते, म्हणून उष्णता हा पाण्याचा स्वभाव ठरत नाही. विस्तव दूर होताच ते निवू लागते.

चंडकौशिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याचे मूळ नाव कौशिक. ‘चंड’ ही लोकांनी त्याच्या रागाला लावलेली पुस्ती. पुढे सर्पाच्या जन्मातही ती सुटली नाही. सारे त्याची वाट टाळत असताना भगवान महावीर मात्र त्याच्या बिळापाशी जाऊन उभे राहिले. दंश झाल्यावरही त्यांनी त्याला जागे होण्याचाच उपदेश केला. इतरांना विष दिसले, भगवंतांना त्यामागचा जीव दिसला.

मग हे सारे शब्द टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. भाषेची ही संपत्ती आहे. फक्त तिचा खर्च योग्य खात्यावर पडावा. अठरा पापस्थानकांत क्रोध आणि कलह आहेत, तसाच परपरिवाद, म्हणजे दुसऱ्याची निंदा करणे, हेही आहे. सुनेला ‘चिडखोर’ आणि वडिलांना ‘तिरसट’ म्हणणारा त्यांच्या पापाची नोंद करताना स्वतःच्या खात्यावरही एक रक्कम चढवीत असतो. दुसऱ्याविषयी बोलताना कृतीचा शब्द वापरावा: ‘आज ते रागावले आहेत, कारण विचारू या.’ आणि तिरसट, तुसडा, किरकिऱ्या हे कठोर शब्द प्रतिक्रमणाच्या वेळी स्वतःला लावून पाहावेत. आज माझ्यात तुसडेपणा कोणाला दिसला? मी कोणाची तक्रार ‘किरकिर’ म्हणून उडवून लावली?

संवत्सरीला आपण दूरदूरच्या आप्तेष्टांना ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो. ज्या माणसाला आपण घरात किंवा दुकानात एखादे नाव ठेवले आहे, त्याच्याजवळ यंदा आधी जावे. तो काय सांगत होता, ते एकदा पूर्ण ऐकून घ्यावे. आमचे ते वृद्ध गिऱ्हाईक पट्टी बदलल्यावर पुन्हा आले, तेव्हा आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते रागावले नाहीत. नवी पट्टी हातात घेऊन त्यांनी तिची दोन्ही टोके नीट पाहिली आणि म्हणाले, ‘आता मोजा.’