परसातील कोंबड्यांची पीसझड

पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले, की जळगाव-धुळे भागातील परसातल्या अनेक कोंबड्या बोडक्या दिसू लागतात. अंडीही थांबतात आणि रोग लागला या समजुतीने चांगली कोंबडी मातीमोलाने विकली जाते. २००६ साली, पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या नवापूर येथे व पुढे जळगाव जिल्ह्यात बर्ड फ्लूची साथ आली होती. तेव्हा ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु नुसती पिसे गळणे हे त्या रोगाचे लक्षण नव्हे. कोंबड्या अचानक मरू लागल्यास मात्र ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

मानेपासून झड सुरू होऊन नव्या पिसांचे कोंब दिसू लागले, तर ती नैसर्गिक पीसझड होय. पीस बहुतांशी प्रथिनांचेच बनलेले असल्याने केवळ ज्वारी-बाजरीवर ते लवकर भरून येत नाही. थोडी शेंगदाणा पेंड द्यावी. बुरशी आलेली मुळीच नको. सरकीची पेंड खानदेशात सहज मिळते, पण तीतील गॉसिपॉल या द्रव्यामुळे अंड्याचा बलक हिरवट पडतो. ती गुरांनाच घालावी.

कोंब न फुटता त्वचा लाल दिसली, तर खुराड्याच्या फटी तपासाव्यात. रात्री रक्त शोषणारे गोचीड दिवसा तेथेच दडतात. फटी लिंपून चुना द्यावा व कोंबड्यांना राखमिश्रित धुळीत लोळण्यास जागा ठेवावी. खुडूक कोंबडीची छाती उघडी असेल, तर पिसे बहुधा तिनेच उपटलेली असतात.