बी.एड.साठी कर्ज काढावं का?

मुलं जरा हाताशी आली, सकाळच्या डब्यांची घाई थोडी आटोक्यात आली, की आपल्यासारख्या बी.ए. होऊन संसाराला लागलेल्या पुष्कळजणींच्या मनात एक विचार हमखास डोकावतो. आता बी.एड. करून टाकावं! माहेरची माणसं म्हणतात, कर. सासूबाई म्हणतात, नोकरी लागणार असेल तर कर. यजमान म्हणतात, पैशांचं बघू, बँक कर्ज देते ना! आणि खरी अडचण नेमकी इथंच सुरू होते. कर्ज मिळतं की नाही हा प्रश्न फारसा अवघड नाही. ते फिटणार कशातून, हे मात्र कुणी मांडून पाहत नाही.

मी स्वतः एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि संध्याकाळी घरी शिकवणी घेते. त्यामुळे हा हिशेब गेले काही महिने माझ्याच वहीत चालू आहे. तोच तुमच्यापुढे ठेवते. आकडे ‘समजा’ म्हणून घेतलेत. तुमच्या गावचे घालून पाहा.

पूर्वी बी.एड. एका वर्षाचं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. आपल्या ताया-आत्यांनी ‘वर्षभर कळ काढली’ म्हणून सांगितलं, तरी आपल्याला दोन वर्षं काढायची आहेत. पदवीला खुल्या वर्गासाठी पन्नास टक्के गुण हवेत, शिवाय सीईटी द्यावी लागते. वर्गातली हजेरी ऐंशी टक्के आणि शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाची नव्वद टक्के लागते. हा सराव एकूण वीस आठवड्यांचा असतो. म्हणजे शाळेतली अर्धवेळ नोकरी सांभाळून हे जमेल, ही आशा सोडावी. ‘घरबसल्या करू, मुक्त विद्यापीठातून’ असंही पुष्कळजणी म्हणतात. पण तो अभ्यासक्रम मुख्यतः आधीच डी.एड. असलेल्या, शिकवत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. नुसत्या बी.ए.वर तिथं प्रवेश मिळत नाही.

आता कर्ज. समजा, विनाअनुदानित महाविद्यालयाची दोन वर्षांची फी एक लाख वीस हजार आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत, वयाचीही आडकाठी नाही. विवाहित स्त्रीसाठी सहकर्जदार म्हणून नवरा किंवा सासू-सासरे चालतात. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नाही. ऐकायला फार छान! पण या तीन वर्षांत व्याज झोपलेलं नसतं. दरसाल दहा टक्के धरा. पहिल्या वर्षी साठ हजार उचलले, त्यांचं तीन वर्षांचं व्याज अठरा हजार. दुसऱ्या वर्षी साठ हजार उचलले, त्यांचं दोन वर्षांचं बारा हजार. हप्ता सुरू होतो त्या दिवशी डोक्यावर एक लाख वीस नव्हे, दीड लाख असतात. पाच वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ३,१८७ रुपये, एकूण १,९१,००० च्या वर. ‘हप्ता जड होतो’ म्हणून दहा वर्षं घेतलीत तर महिना १,९८२. पण एकूण जवळजवळ २,३८,००० रुपये जातात, म्हणजे फीच्या दुप्पट. मुलांच्या शाळेच्या फी भरून मग हे पैसे भरायचे आहेत, हे विसरू नका.

यावर एक उपाय आहे. शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहायचं. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिना पाचशे आणि पुढची दोन वर्षं हजार. शिकवणीच्या पैशांतून एवढं निघतं. मग मूळ रक्कम एक लाख वीसच राहते, हप्ता २,५५० वर येतो आणि एकूण आठेक हजार वाचतात. असं व्याज वेळेवर भरणाऱ्याला दरात एक टक्का सूट देण्याचीही तरतूद आहे. बँकेत गेल्यावर हे आपणहून विचारा, सांगायला कुणी येणार नाही. यजमान आयकर भरत असतील आणि जुन्या पद्धतीनं भरत असतील, तर पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर ८०-ई कलमाखाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही.

पण सगळ्यात मोठा खर्च कर्जाच्या कागदावर नसतोच! आज अर्धवेळ शिकवून महिना सहा हजार मिळत असतील, तर दोन वर्षांत १,४४,००० बुडाले. फी, व्याज आणि हे मिळून ३,३५,०००. त्यात बसचा पास, पाठांच्या वह्या, तक्ते, आणि आपण घरी नसताना दुपारी धाकट्याला सांभाळणारीचे पैसे. साडेतीन लाख म्हणा ना.

मिळणार काय, ते आता पाहू. गावातल्या छोट्या विनाअनुदानित शाळेत बी.एड. नसलेल्या बाईला सहा हजार आणि असलेल्या बाईला नऊ हजार देतात असं धरलं, तर वाढ तीन हजारांची. हप्ता ३,१८७! म्हणजे हप्ता चालू असलेली पाच वर्षं हाती पूर्वीपेक्षा कमीच. साडेतीन लाख वसूल व्हायला नऊ वर्षांहून अधिक लागतील. अशा नोकरीसाठी कर्ज काढणं मला पटत नाही.

अनुदानित किंवा जिल्हा परिषदेची शाळा मिळाली, तर चित्रच पालटतं. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळतं. २०२३ मध्ये ते वाढून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. त्यानंतर माध्यमिक शिक्षकाची वेतनश्रेणी मूळ ३८,६०० पासून, वर महागाई भत्ता. सहा हजारांवरून अठरा हजारांवर गेलं तर सगळा खर्च अडीच वर्षांच्या आत भरून निघतो. जुनं पेन्शन मात्र डोक्यातून काढा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचा हिशेब वेगळा आहे.

अडचण आहे ती तिथवर पोचण्याची. सहावी ते आठवीसाठी टीईटी हवी. पहिली ते पाचवीला तर बी.एड. चालतच नाही, तसा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये दिला, तिथं डी.एड.च लागतं. ‘लहान मुलं आवडतात म्हणून बी.एड. करते’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला हे आधी सांगा. शिवाय पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. ती २०१७ ला झाली, नंतर थेट २०२३ ला, मग २०२५ ला. जिल्हा परिषदेसाठी खुल्या वर्गाला वयाची अट साधारण अडतीसची, मागासवर्गाला त्रेचाळीसची. पस्तिसाव्या वर्षी प्रवेश घेणारी सदतिसाव्या वर्षी बाहेर पडणार आणि परीक्षेची वाट पाहत बसणार. चोविशीतल्या मुलीचा आणि आपला हिशेब एक नाही, तो असा.

आणि ‘नोकरी पक्की, फक्त संस्थेला देणगी द्या’ असं कुणी सांगितलं, तर पाटल्या-बांगड्यांना हात लावू नका. माझ्या ओळखीच्या एका घरात असे पैसे गेले; नोकरी अजून यायची आहे, बांगड्या परत यायच्याच नाहीत. प्रवेशासाठी फीवर जादा रक्कम मागणं तर १९८७ च्या कायद्यानंच बंद आहे.

कर्जाआधी सवलती पाहाव्यात. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांची फी पुष्कळच कमी असते. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, इतर मागास अशा गटांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक शिक्षण घेताना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. आपल्या महाविद्यालयात, आपल्या अभ्यासक्रमाला, आपल्या वयाला ते लागू आहे का, हे खिडकीवर तोंडी न विचारता लेखी विचारा.

शिकवणीच वाढवायची असेल तर बी.एड.ची गरजच नाही. पालक निकाल बघतात, प्रमाणपत्र नव्हे.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मी पस्तिशीची आहे. सीईटीचा अर्ज भरणार आहे, पण पसंतीच्या यादीत दोनच महाविद्यालयं लिहिणार, दोन्ही अनुदानित आणि बसनं रोज जाऊन-येऊन होणारी. तिथं नाव लागलं तर फी भिशीच्या पैशांत भागेल. नाही लागलं, तर जूनपासून शिकवणीची आणखी एक तुकडी सुरू करायची. त्यासाठी लागणाऱ्या सतरंज्या मात्र मी आत्ताच घेऊन ठेवल्यात.